खेळाडूचे पैसे लागलेत म्हणून आपणही घालायचे का? (बाणेरचा रिकव्हरी स्टुडिओ, झोपेची यंत्रं आणि आपले पाच लाख)

ट्रॅकबाहेरचा बाबा | शनिवार, रात्री 9:50

नमस्कार मंडळी. मुलगी 800 मीटर पळते, त्यामुळे माझ्या बहुतेक संध्याकाळी पुण्यात बालेवाडीला ट्रॅकच्या बाहेर जातात. तिथे आम्हा पालकांचा एक गट जमलाय. त्यातल्या एकाच्या ओळखीतून आमच्यापुढे प्रस्ताव आलाय. बाणेरला 'रिकव्हरी आणि स्लीप स्टुडिओ' निघतोय. आइस बाथ, पाय दाबून देणारे हवेचे बूट, मसाज गन, थंड अंधाऱ्या खोल्यांमधले झोपेचे पॉड, आणि प्रत्येक सभासदाला झोप मोजणारी अंगठी. प्रत्येकी पाच लाख घालायचे आणि शेअर घ्यायचे.

सगळं सादरीकरण एकाच मुद्द्याभोवती फिरतं: एका माजी राष्ट्रीय खेळाडूने यात पैसे घातलेत. नाव मुद्दाम देत नाही. त्यांच्याबद्दल मला आदर आहे आणि चर्चा माणसावर जायला नको. पण गटातले निम्मे लोक केवळ त्या फोटोवर चेक फाडायला तयार झालेत.

धंदा मला वाईट वाटत नाही. आमच्या वेळी दुखलं तर आयोडेक्स आणि 'पळ, मोकळं होईल' एवढंच होतं. पोरांच्या विश्रांतीचा कोणी विचार करतंय याचंच मला अप्रूप आहे. म्हणून मनापासून विचारतो. खेळाडूने पैसे घातले यावरून आपण नेमकं काय समजायचं? आणि ही झोपेची यंत्रं खरोखर कामाची आहेत का?

वेताळटेकडी | शनिवार, रात्री 10:15

आधी यंत्रांच्या बाजूने बोलतो, कारण मी वापरतो आणि मला फरक पडलाय.

जगभर हे झालंय आणि त्यात दिखावाच आहे असं नाही. व्हूप या झोप आणि ठोके मोजणाऱ्या मनगटी पट्ट्याच्या कंपनीत बास्केटबॉलचा केव्हिन ड्युरंट, अमेरिकन फुटबॉलचा पॅट्रिक माहोम्स, गोल्फचा रोरी मॅकिलरॉय यांचे पैसे आहेत. 2024 मध्ये रोनाल्डोही आला. गादीवर पाणी फिरवून रात्रभर तापमान कमी-जास्त करणारी एट स्लीप आहे, तिच्यात बेसबॉलवाला अ‍ॅलेक्स रॉड्रिगेझ आहे आणि 2025 च्या फेरीत फॉर्म्युला वनचा शार्ल लक्लेर आला. ही माणसं शरीरावर जगतात. काय उपयोगी पडतं हे त्यांना आपल्याआधी कळतं.

2020 च्या जूनमधलं निक वॉटनीचं उदाहरण आठवतं का? गोल्फचा खेळाडू. झोपेतला श्वासाचा वेग नेहमीपेक्षा वाढलेला पट्ट्यावर दिसला, म्हणून त्याने चाचणी करून घेतली आणि कोविड निघाला. मग पीजीए टूर या गोल्फच्या स्पर्धामालिकेने खेळाडूंना तेच पट्टे वाटले. अमेरिकेच्या बास्केटबॉल लीगने, एनबीएनेही त्याच वर्षी ऑर्लँडोच्या बबलमध्ये (कोविडमुळे बाहेरच्यांना बंद ठेवलेल्या संकुलात) खेळाडूंना औरा कंपनीची झोप मोजणारी अंगठी देऊ केली होती.

आणि फेडररचं उदाहरण घ्या. 2019 मध्ये तो ऑन या स्विस बुटांच्या कंपनीत भागीदार झाला, बूट तयार करण्याच्या कामात स्वतः उतरला, आणि 2021 मध्ये कंपनी न्यूयॉर्कच्या बाजारात आली. याला जाहिरात म्हणून सोडून देता येत नाही.

नारायण पेठ सीए | शनिवार, रात्री 11:05

बाबा, 'पैसे घातलेत' याचे तीन-चार निरनिराळे अर्थ होतात. तुमच्या बाबतीत कुठला लागू आहे ते कळेपर्यंत पुढे सरकू नका.

एक, खेळाडूने खिशातून रोख काढली आणि इतरांच्याच भावाने शेअर घेतले. कोहलीने डिजिट इन्शुरन्समध्ये 2020 साली 2 कोटी घातले, शेअर 75 रुपयांना पडला, 2024 च्या मे महिन्यात आयपीओ 272 रुपयांना आला. ही सरळ गुंतवणूक. दोन, पैसेही घातले आणि नावही दिलं. आपल्या पुण्याची इलेक्ट्रिक सायकलवाली ईमोटोराड घ्या. 2024 मध्ये धोनी तिथे भागधारकही झाला आणि तिचा चेहराही. कोहलीने आपला वन-एट हा कपडे-बुटांचा ब्रँड अ‍ॅजिलिटास या खेळाच्या सामानाच्या कंपनीकडे सोपवला आणि वर 40 कोटी गुंतवले, तोही याच प्रकारातला. तीन, मानधनाऐवजी शेअर. इथे खेळाडूच्या खिशातून दमडी गेलेली नसते. चार, नुसताच करार आणि फोटो, आणि तोंडी मात्र 'आमचे पार्टनर'.

तिसऱ्या प्रकारात चुकीचं काही नाही. पण त्या खेळाडूचं गणित आणि तुमचं गणित एक नाही. धंदा बुडाला तर त्याचे शूटिंगचे काही दिवस फुकट जातील, तुमचे पाच लाख.

हे शोधणं सोपं आहे. कंपनी प्रायव्हेट लिमिटेड असेल तर शेअर वाटल्यावर पीएएस-3 नावाचा फॉर्म भरावा लागतो. त्यात कोणाला किती शेअर दिले, कोणत्या भावाने, आणि रोखीने की रोखीशिवाय, हे सगळं येतं. एमसीएच्या (केंद्राच्या कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या) साइटवर 100 रुपये भरून कंपनीचे कागद कोणालाही पाहता येतात. आधी तिथे जा.

आणखी एक. असे शेअर खासगीरीत्या विकताना कंपनीने प्रत्येकाला नावानिशी ऑफर लेटर द्यावं लागतं, एका आर्थिक वर्षात 200 पेक्षा जास्त लोकांना देता येत नाही, पैसे बँकेतूनच घ्यावे लागतात आणि जाहिरात करता येत नाही. तुमच्या गटात ते सादरीकरण व्हॉट्सअ‍ॅपवर फिरत असेल तर तिथेच मला पहिली शंका येते. आणि एलएलपी, म्हणजे मर्यादित जबाबदारीची भागीदारी असेल तर शेअर हा प्रकारच नाही. मग तुम्हाला नेमकं काय देणार आहेत ते विचारा.

वेताळटेकडी | शनिवार, रात्री 11:20

कागदांचं पटलं. पण बास्केटबॉलच्या कोबी ब्रायंटने 2014 मध्ये बॉडीआर्मर या पेयाच्या कंपनीत साधारण 60 लाख डॉलर घातले आणि 2021 मध्ये कोका-कोलाने कंपनी घेतली तेव्हा त्याच्या कुटुंबाला सुमारे 40 कोटी डॉलर मिळाले. खेळाडूच्या मागे जाणारे सगळेच फसत नाहीत.

नारायण पेठ सीए | रविवार, सकाळी 7:40

नाहीतच. पण बुडालेल्याची बातमी चौथ्या पानावर येते. स्मॅशचं नाव आठवतंय का? खेळांची मोठमोठी मनोरंजन केंद्रं, मागे सचिनसारखं नाव, तरी कंपनी दिवाळखोरीच्या कोर्टात गेली. एफसी पुणे सिटी या फुटबॉल क्लबचे सामने आपण बालेवाडीला जाऊन पाहिले, 2019 मध्ये क्लब मिटला. उलट बाजूही सांगतो. सचिननेच 2021 मध्ये आपल्या पुण्याच्या जेटसिंथेसिसमध्ये 20 लाख डॉलर घातले. तिथे क्रिकेटच्या मोबाइल गेमवर त्यांचं आधीपासून एकत्र काम चालू होतं, म्हणजे धंदा आतून पाहून झालेला होता. आणि झहीर खानने 2005 मध्ये पुण्यात डाइन फाइन हे रेस्टॉरंट काढलं तेव्हा तो अजून खेळत होता. रेस्टॉरंट चालवायचं तर रोज गल्ला मोजावा लागतो, नावावर पहिल्या महिन्याची गर्दी येते, पुढची जेवणावर.

माझं म्हणणं इतकंच की खेळाडूचं नाव हे धंदा तपासायला सुरुवात करायचं कारण होऊ शकतं. तपासणं थांबवायचं कारण नाही.

कोथरूड फिजिओ | रविवार, सकाळी 9:30

आता झोपेचं मी बोलते, रोज हेच पाहते.

झोपेने खेळ सुधारतो याला चांगला आधार आहे. स्टॅनफर्डच्या चेरी माह यांनी 2011 मध्ये कॉलेजच्या 11 बास्केटबॉल खेळाडूंना पाच ते सात आठवडे रोज 10 तास अंथरुणात राहायला सांगितलं. धावण्याची वेळ 16.2 सेकंदांवरून 15.5 वर आली, फ्री थ्रो 9 टक्क्यांनी सुधारले. खेळाडू थोडे होते आणि तुलनेला दुसरा गट नव्हता, तरी दिशा स्पष्ट आहे. 2014 चा आणखी एक अभ्यास 112 शाळकरी खेळाडूंचा: आठ तासांपेक्षा कमी झोपणाऱ्यांना दुखापतीची शक्यता 1.7 पट. बाबा, तुमच्या मुलीच्या वयाला हा दुसरा आकडा जास्त लागू आहे.

लक्ष देऊन वाचलंत तर दिसेल की दोन्हीकडे यंत्राचा काही पराक्रम नाही. तिथे फक्त झोप आहे.

अंगठी किंवा पट्टा तुम्ही कधी झोपलात, कधी उठलात हे बऱ्यापैकी सांगतो. पण गाढ झोप किती, स्वप्नांची झोप किती, हे नीट कळायला डोक्यावर इलेक्ट्रोड लावून मेंदूच्या लहरी पाहाव्या लागतात. अंगठी हृदयाचे ठोके, हालचाल आणि तापमान यांवरून अंदाज बांधते. त्या अंदाजाला गुण देऊन सकाळी मुलाच्या हातात ठेवला की मूल त्या गुणावर दिवस ठरवतं. माझ्याकडे एक स्प्रिंटर येते. चांगली झोपून उठली होती, ताजी होती, फोनवर आकडा कमी दिसला आणि वॉर्म-अपमध्येच तिचे पाय जड झाले. आकड्याच्या काळजीने झोप बिघडण्याच्या या प्रकाराला 2017 पासून वैद्यकीय लिखाणात ऑर्थोसोम्निया असं नावही आहे. बघायचंच असेल तर आठवड्याची सरासरी बघा, आणि ती कोचने बघावी. मुलाच्या फोनवर अ‍ॅप नको.

थंड गादीची कल्पना मात्र पोकळ नाही. झोप लागताना शरीराचं आतलं तापमान खाली यायला लागतं, गरम खोलीत ते नीट उतरत नाही. पण तेच काम झोपण्याच्या तास-दीड तास आधी केलेली गरम पाण्याची अंघोळ करते. त्वचेतल्या रक्तवाहिन्या मोकळ्या होतात आणि उष्णता बाहेर पडते. गिझर बहुतेक घरी आहे.

आइस बाथबद्दल सावध राहा. स्पर्धेत एकाच दिवशी दोन फेऱ्या असतील तर उपयोग आहे. पण ताकदीच्या व्यायामानंतर नेमाने बर्फात बसलं तर स्नायूंची वाढ कमी होते, हे 2015 च्या ऑस्ट्रेलियातल्या अभ्यासात दिसलं. वाढत्या वयाच्या मुलांना महिन्याचा पास काढून रोज बर्फात बसवणं मला अजिबात मान्य नाही. स्टुडिओवाल्यांना विचारा की कोणत्या दिवशी 'आज आइस बाथ नको' असं सांगणारा माणूस त्यांच्याकडे आहे का. पासवर चालणाऱ्या धंद्यात तसं सांगणं जड जातं.

शटलची आई | रविवार, सकाळी 11:10

ताई, बरं झालं लिहिलंत. माझा मुलगा 14 वर्षांचा, बॅडमिंटन. आम्ही धायरीला राहतो, पहाटेची बॅच साडेपाचला, शहराच्या दुसऱ्या टोकाला. म्हणजे साडेचारला गजर. तो उठत नाही, मी उठवते. दात घासताना बेसिनला टेकून उभा असतो, डोळे मिटलेले. रिक्षात माझ्या खांद्यावर झोपतो. बॅच संपली की कोर्टाच्या कडेलाच शाळेचा शर्ट चढवतो, डबा व्हॅनमध्ये खातो. संध्याकाळी क्लास, घरी यायला नऊ, जेवायला साडेनऊ, गृहपाठ. अकराच्या आत दिवा जात नाही.

साडेपाच तास झोप. आणि त्याला मी झोप मोजायची अंगठी घेऊन देऊ?

अ‍ॅकॅडमीत विचारलं तर म्हणाले, कोर्ट त्याच वेळेला मिळतं, संध्याकाळी मोठ्यांना भाड्याने दिलेलं असतं. मला त्यांचाही धंदा कळतो. पण ज्या मुलांच्या नावाने अ‍ॅकॅडमी चालते त्यांची झोप विकून ते भाडं येतंय.

कोथरूड फिजिओ | रविवार, सकाळी 11:35

हे सगळ्यांनी दोनदा वाचा. 13 ते 18 वयाला 8 ते 10 तास झोप लागते. शिवाय या वयात शरीराचं घड्याळच पुढे सरकतं, मूल लवकर अंथरुणात गेलं तरी झोप उशिरा लागते. 'लवकर झोपव म्हणजे लवकर उठेल' हे त्यांच्या बाबतीत पूर्ण चालत नाही. पहाटेची बॅच आठवड्यातून दोनदा ठेवली तरी फरक दिसतो.

वेताळटेकडी | रविवार, दुपारी 12:20

शटलची आई, वाचून वाईट वाटलं. मी पहाटे टेकडीवर पळायला जातो तो स्वखुशीने, आणि दुपारी घरून काम करताना अर्धा तास आडवा होऊ शकतो. मुलांना ती सोय नाही, हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

म्हाळुंगेकर | रविवार, दुपारी 4:00

एट स्लीपबद्दल. 2025 च्या ऑक्टोबरमध्ये अ‍ॅमेझॉनच्या क्लाउडमध्ये मोठा बिघाड झाला तेव्हा लोकांच्या गाद्या रात्री अडकल्या, काहींच्या गरम होत राहिल्या, काहींच्या वर उचललेल्या तशाच. नंतर कंपनीने माफी मागून इंटरनेटशिवाय चालण्याची सोय केली. दोन हजार डॉलरच्या पुढची वस्तू, वर वर्गणी. आमच्याकडे तर गुरुवारी दिवसभर लाइट नसते. बाणेरच्या पॉडना जनरेटर आहे का, त्याचं डिझेल हिशेबात धरलंय का, हे विचारा. थंड खोल्या चोवीस तास चालवायच्या तर वीजबिलच भाड्याच्या खालोखालचा खर्च असेल.

व्हूपलाही 2025 च्या जुलैमध्ये अमेरिकेच्या एफडीएने (औषधं आणि वैद्यकीय उपकरणांच्या नियामकाने) रक्तदाबाच्या सुविधेवरून इशाऱ्याचं पत्र धाडलं. आजार ओळखण्याचा किंवा बरा करण्याचा दावा केला की यंत्र वैद्यकीय उपकरणाच्या नियमात येतं. स्टुडिओच्या पत्रकात 'दुखापत टाळते', 'हार्मोन सुधारते' असं लिहिलं असेल तर पुरावा मागा.

धाव सातारा | रविवार, रात्री 8:45

मी धावपटू होतो, पुण्यात हॉस्टेलला राहून सराव केला. आता नोकरी करतो आणि सकाळी मुलांना शिकवतो. त्या माजी खेळाडूंनी पैसे घातले याचा मला आनंदच आहे. आमच्यातले बहुतेक जण निवृत्तीनंतर खात्याची नोकरी आणि प्लॉट याच्या पुढे जात नाहीत. खेळातून मिळालेलं खेळात परत घालणारा माणूस मला मोठा वाटतो.

पण कशात घालतो ते बघतो मी. नेमबाज गगन नारंगने 2011 मध्ये बालेवाडीला गन फॉर ग्लोरी ही नेमबाजीची अ‍ॅकॅडमी सुरू केली, तेव्हा त्याचं लंडन ऑलिंपिकचं ब्राँझ अजून यायचं होतं. रेंज हवी, रायफल हवी, शिकवणारे हवेत, हे त्याला स्वतःच्या अडचणींतून कळलेलं होतं. खेळाडूच्या पैशाला खरं मोल तिथे येतं, त्याने जे सोसलं त्यावर तो इलाज काढतो तेव्हा.

आमच्या हॉस्टेलच्या खोलीत आठ खाटा होत्या. एक पंखा, तोही दाराकडच्या बाजूला. एप्रिल-मेमध्ये स्लॅब रात्री बारापर्यंत तापलेला असायचा. कोणीतरी परीक्षेचा अभ्यास करायचा म्हणून ट्यूबलाइट चालू, कोणी फोनवर. गादी कापसाची, मधोमध खड्डा पडलेली. आम्ही टॉवेल ओला करून अंगावर घ्यायचो. सकाळी सहाला 400 मीटरचे रिपीट्स, म्हणजे पुन्हा पुन्हा तेच अंतर जोरात पळणं. कोणी आमची झोप मोजली असती तर आकडा काय आला असता ते मला अंगठीशिवाय माहीत आहे.

तीन मोठे एक्झॉस्ट पंखे, गच्चीला पांढरा रंग, खिडक्यांना जाड पडदे, बऱ्या गाद्या, दहाला दिवे बंद. एका हॉस्टेलला हे करायला बाणेरच्या एका पॉडइतकेही पैसे लागणार नाहीत असा माझा अंदाज आहे. आणि तिथे झोपणारी पोरं सातारा, बीड, नंदुरबारहून आलेली असतात. त्यांना महिन्याचा स्टुडिओ पास कोण काढून देणार?

शटलची आई | रविवार, रात्री 9:05

दादा, डोळ्यात पाणी आलं.

नारायण पेठ सीए | रविवार, रात्री 10:10

धाव सातारा यांनी धंद्याचाही मुख्य प्रश्न मांडलाय. स्टुडिओचा ग्राहक कोण? पोटासाठी खेळणारा खेळाडू एवढे पैसे देऊ शकत नाही. देऊ शकतो तो बाणेर-औंधचा, शनिवार-रविवार पळणारा आयटीतला माणूस. धंदा त्याच्यावर चालणार असेल तर तसं सांगावं, आणि वर्षभराने सभासद पास पुन्हा काढतात का याचा हिशेब द्यावा. खेळाडूंच्या नावाने पैसे गोळा करायचे आणि दुकान दुसऱ्यासाठी उघडायचं, यात गुंतवणूकदाराचीही दिशाभूल आहे.

आणि शेअर असलेला खेळाडू इन्स्टावर 'मी इथेच रिकव्हर होतो' म्हणत असेल तर त्याने आपला हिस्सा उघड करायला हवा. ग्राहक संरक्षण प्राधिकरणाचे 2022 चे नियम आहेत. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला 10 लाखांपर्यंत दंड, पुन्हा केली तर 50 लाखांपर्यंत, आणि जाहिरात करणाऱ्याला वर्षभर बंदीही येऊ शकते. त्या खेळाडूला हे कोणी सांगितलंय का हेही पाहा. अनेकदा त्यांनाही अंधारात ठेवलेलं असतं.

ट्रॅकबाहेरचा बाबा | सोमवार, रात्री 9:30

सगळ्यांचे मनापासून आभार. आज गटात बोललो. पाच लाखांचा विषय थांबवलाय. कंपनीकडे लेखी मागितलंय: पीएएस-3 ची प्रत, खेळाडूचे शेअर रोखीने की मानधनाऐवजी, वीज आणि भाड्याचा महिन्याचा आकडा, आणि 18 वर्षांखालच्या मुलांना आइस बाथ द्यायचा की नाही हे कोण ठरवणार. दोघे जण रागावले, म्हणाले एवढ्या मोठ्या खेळाडूवर संशय घेतोस. मी सांगितलं की त्यांच्याशीच भेट घालून द्या, मला त्यांनाच विचारायला आवडेल की तुमच्या काळात तुम्ही कसे झोपायचात.

आणि मुलीच्या सरांशी बोललो. मंगळवार आणि शुक्रवारची पहाट बंद करून ती सत्रं संध्याकाळी घ्यायला ते तयार झालेत. महिनाभर करून बघू म्हणाले.

धाव सातारा, पंखे आणि पडद्यांचा खर्च कोणी काढून देईल का? गटातले चौघे त्यासाठी प्रत्येकी दहा हजार द्यायला तयार आहेत, परताव्याची अट नाही.

धाव सातारा | सोमवार, रात्री 10:20

बाबा, रविवारी सकाळी हॉस्टेलवर या. वॉर्डनशी बोलून ठेवतो, मापं आपणच घेऊ. वायरिंग जुनं आहे, पंखे लावण्याआधी ते तपासावं लागेल. कोणी इलेक्ट्रिशियन ओळखीचा असेल तर सोबत आणा.

म्हाळुंगेकर | सोमवार, रात्री 10:35

माझा भाऊ लायसन्सवाला वायरमन आहे. रविवारी दोघेही येतो.